जहाज, विमान आणि मोटार

आमच्या गावात वालचंद हे माणसाचे नाव नाही, कॉलेजचे नाव आहे. "पोरगी कुठे असते तुमची?" "वालचंदला." "आणि धाकटा?" "तोही यंदा वालचंदलाच लागेल." असा संवाद सोलापुरात जूनच्या महिन्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतो. रिक्षावाल्याला 'वालचंद' म्हटले की तो मुकाट्याने अशोक चौकाच्या दिशेला वळतो. माणूस मोठा झाला म्हणजे त्याचे नाव इमारतीला देतात, आणि मग पंचवीस-तीस वर्षांत ती इमारत त्या माणसाला गिळून बसते. आमच्याकडे तसेच झाले आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. पहिल्या वर्षाच्या मुलांना दरवर्षी एक निबंध लिहायला सांगतो : 'माझ्या गावचे मोठे माणूस.' सिद्धरामेश्वरांवर ढिगाने निबंध येतात. चार हुतात्म्यांवर येतात, डॉक्टर कोटणीसांवर येतात. वालचंद हिराचंदांवर आजतागायत एकही आलेला नाही. मागे एकदा मीच वर्गात त्यांचे नाव काढले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा अगदी निरागसपणे म्हणाला, "सर, म्हणजे वालचंद असे खरेच कोणी होते?"

होते तर! २३ नोव्हेंबर १८८२ रोजी याच सोलापुरात जन्मले. घराणे मूळचे गुजराती, दिगंबर जैन, सावकारीचे आणि कापसाच्या व्यापाराचे. शाळा सोलापुरात झाली, मॅट्रिकही इथेच. पुढे ते मुंबई-पुण्याच्या कॉलेजांत गेले, पण पदवीपर्यंत काही पोचले नाहीत. पेढीवर बसून व्याज मोजण्यातही त्यांचे मन रमेना. अशा मुलाचे आपल्या घरी काय झाले असते हे तुम्हीही जाणता आणि मीही जाणतो. वालचंदांना मात्र लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि नोकरी सोडून कंत्राटे घेऊ लागले होते. शेटजींच्या मुलाचे भांडवल आणि फाटकांचा अनुभव अशी जोडी जमली, आणि विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी दोघांनी बार्शी लाइट रेल्वेच्या एका लहानशा फाट्याचे काम घेतले. अडीच फुटी रुळांची ती चिमुकली गाडी. तिथून हा माणूस जो निघाला तो बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत गेला आणि तिथेही थांबला नाही.

त्यांच्या चरित्रातला जो भाग मला सगळ्यांत जास्त बुचकळ्यात पाडतो, तेवढाच आज सांगायचा आहे. तो मोटारीचा.

आधी एक साधा हिशेब मांडतो. १९१९ साली वालचंद आणि त्यांचे सहकारी एक बोट विकत घेतात. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची बोट, म्हणून कंपनीचे नाव सिंदिया. ५ एप्रिलला ती 'लॉयल्टी' बोट मुंबईहून लंडनला निघते. हा दिवस आपण पुढे राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळू लागलो. १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला त्यांची विमानाची कंपनी स्थापन होते, आणि १९४१ च्या पावसाळ्यात तिचे पहिले विमान आकाशात उडते. त्याच वर्षी जूनमध्ये विशाखापट्टणला जहाजे बांधण्याच्या कारखान्याची कोनशिला राजेंद्रबाबूंच्या हस्ते बसते. आणि मोटार? मोटार बाहेर पडते ती १९४७ साली.

समुद्रात जहाज तरंगले, आकाशात विमान उडाले, आणि जी वस्तू चार चाकांवर रस्त्याने जायची, जी कुणाच्याही वाड्याच्या दारात उभी राहू शकते, ती सगळ्यांत शेवटी! बरे, मोटारीचा विचार मागून सुचला म्हणावे, तर तसेही नाही. तो विमानाच्या आधीचा.

मोटारीच्या या कथेत खरे इंजिनियर दुसरेच आहेत. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. कर्नाटकाने त्यांना डोक्यावर घेतले ते योग्यच झाले, पण गृहस्थ इंजिनियर झाले ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात, १८८३ साली, आणि त्यांच्या उमेदीची वर्षे गेली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे त्यांचेच. म्हैसूरची दिवाणगिरीही करून झाली होती. अशा माणसाने सत्तरी ओलांडल्यावर काठी घेऊन सकाळी फिरायला जावे! हे १९३५ साली युरोप-अमेरिकेला मोटारींचे कारखाने पाहायला गेले. परत येऊन त्यांनी हिंदुस्थानात मोटार कारखाना कसा काढता येईल याची योजना तयार केली आणि मुंबईच्या कारखानदारांपुढे ठेवली. ती उचलून धरणाऱ्यांत वालचंद आघाडीवर होते.

माझ्या मते तेव्हापासून हे दोघे मिळून एक इंजिनियर झाले. म्हाताऱ्याला यंत्र कळत होते, पण कारखाना उभारण्याइतका पैसा त्याच्यापाशी नव्हता. वालचंदांना पाना कसा धरतात हे कदाचित ठाऊक नसेल, पण नाही म्हणणाऱ्या सरकारच्या दारात पुन्हा पुन्हा जाऊन उभे कसे राहायचे, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

आणि सरकार नाही म्हणतच होते. मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाने मदतीची तयारी दाखवली, तर १९३९ च्या नोव्हेंबरात ते मंत्रिमंडळच राजीनामा देऊन बाहेर पडले. दिल्लीचे सरकार ब्रिटिशांचे. मोटारी विलायतेहून आणि अमेरिकेहून यायच्या. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला खोक्यांतून आलेले भाग जुळवण्याचा कारखाना घातला होता, फोर्डचेही तसेच चालू होते. एवढी सोय असताना नेटिवांनी पुन्हा भट्ट्या कशाला पेटवायच्या?

१९३९ साली वालचंद मोटारीच्याच खटपटीसाठी अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली. पण मौज पुढेच आहे. पॅसिफिकवरून परत येताना विमानात त्यांची विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमाने जुळवण्याचा कारखाना चालवीत होता. गप्पा झाल्या. आपल्यासारख्याने घरी येऊन बायकोला सांगितले असते, "एक गंमतीदार माणूस भेटला होता." वालचंदांनी त्या गप्पांतून हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली, म्हैसूर संस्थानाला भागीदार करून घेतले. गेले होते मोटार आणायला, आले विमान घेऊन! युद्धामुळे सरकारला विमानांची निकड होती, म्हणून तिथे परवानगी मिळाली. पुढे १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकतही घेतला.

मोटारीचा करार १९४० साली क्रायस्लरशी झाला. पण हा कारखाना युद्धकार्याला आवश्यक नाही, असे सरकारने ठरवले. लष्कराला ट्रक हजारोंनी लागत होते, ते बाहेरून येत होते, आणि ट्रक बनवू म्हणणाऱ्या माणसाला मात्र यंत्रे आणायची सवलत मिळत नव्हती. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ साली तिथून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. विश्वेश्वरय्यांच्या दौऱ्यानंतर बारा वर्षांनी. आमच्याकडे अठरा वर्षांत मुलगी उपवर होते असे जुने लोक म्हणत. मोटारीचे लग्न त्या मानाने लवकर जमले म्हणायचे.

तुम्ही म्हणाल, सरकार परके होते, त्याने अडवले, संपले. तसे ते आहेच. परंतु सरकारने जहाजालाही कमी अडवले नव्हते. तरी जहाज निघाले. मला वाटते, मोटारीच्या जातीतच काही वेगळे आहे. ते मला कुठल्या पुस्तकाने शिकवले नाही, आमच्या मिस्त्रींनी शिकवले.

आमचे अण्णा शाळामास्तर. १९९१ साली त्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. आईने चाकांखाली लिंबे ठेवली, शेजाऱ्यांनी पेढे खाल्ले आणि मागे म्हणाले, "मास्तरांना काय सुचलंय!" पहिली फेरी अर्थातच तुळजापूरची. मे महिना, दुपारची वेळ. तामलवाडीच्या आसपास गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मिस्त्री सोबत होते, अण्णांनी त्यांना मुद्दाम घेतले होते. त्यांनी बॉनेट उघडले, आईकडचा फिरकीचा तांब्या मागून घेतला, आपल्या खांद्यावरचा सोलापुरी टॉवेल भिजवला आणि पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला. "गुरुजी, बिघाड काही नाही. उन्हानं पेट्रोलची वाफ होतीय, अन् पंपाला वाफ ढकलता येत नाही. दहा मिनिटं बसा निंबाखाली." दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. सोलापुरी टॉवेलाची कीर्ती आपण पुष्कळ ऐकतो, पण त्याचा हा उपयोग जाहिरातीत कुणी घातलेला मी पाहिला नाही.

हे मिस्त्री पूर्वी गिरणीत फिटर होते. घरी तेलुगू, गिरणीत मराठी आणि गिऱ्हाइकाशी हिंदी. गिरण्यांचे दिवस भरत आले तेव्हा वेळीच बाहेर पडून त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज घातले होते. गाडीचा एखादा भाग मिळाला नाही तर ते ओळखीच्या लेथवर जाऊन गनमेटलचा बुश कातून आणायचे आणि मग कानस घेऊन बसायचे. घासायचे, लावून बघायचे, पुन्हा घासायचे. मी शाळेतून येताना तासन् तास ते पाहत उभा राहत असे. एकदा मी म्हटले, "मिस्त्री, तुम्ही अख्खी गाडीच का बनवत नाही?" ते कानस न थांबवता म्हणाले, "एक बनवीन रे. दुसरी तशीच बनवता यायची नाही."

मोटार उशिरा का निघाली, याचे याहून चांगले उत्तर मला अजून सापडलेले नाही. जहाज एकेक करून बांधतात. ते बांधणारे त्याच्या अंगावर चढून, ठोकून, कापून, जुळवून घेतात. मोटारीला ते चालत नाही. हजारावी मोटार पहिल्यासारखीच निघाली पाहिजे आणि तिचा कुठलाही खिळा तिच्या कुठल्याही बहिणीला बसला पाहिजे. जिथे कानस घ्यावी लागते तिथे कारखाना संपला आणि सुतारशाळा सुरू झाली. बरे, हे एका छपराखाली होणारे काम नव्हे. पोलाद एकाचे, काच दुसऱ्याची, टायर तिसऱ्याचे, बॅटरी, स्प्रिंगा, रंग, रबरी नळ्या यांचे कारखाने निरनिराळे, आणि त्या सगळ्यांची मापे एकमेकांशी जुळली पाहिजेत. म्हणून तर विश्वेश्वरय्यांना मोटार हवी होती. मोटारीच्या कारखान्यामागे आणखी कितीतरी कारखाने यावेच लागतात, हे त्यांना दिसत होते. आम्ही साहित्याचे लोक. दोन कविता एकसारख्या निघाल्या तर चोरी म्हणतो. दोन दट्टे एकसारखे निघाले तर इंजिनियर देवापुढे साखर ठेवतो. हा फरक ध्यानात यायला मला चाळिशी गाठावी लागली.

कुर्ल्यालाही हे एका दिवसात झाले नाही. आरंभी बाहेरून आलेली खोकी फोडून भाग जुळवणेच चाले. १९५३ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने ठरवले की, ज्यांना हळूहळू सगळी गाडी इथेच बनवायची आहे त्यांनीच इथे राहावे, नुसती जुळवणी करणाऱ्यांनी नव्हे. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद केला. वालचंदांची कंपनी राहिली. पण हा निकाल त्यांच्या फार कामी आला नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, वर्षभरात त्यांनी सगळ्या कारभारातून अंग काढून घेतले, आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूरला त्यांचे निधन झाले. शेवटच्या काळात पत्नी कस्तुरबाई त्यांची शुश्रूषा करीत होत्या.

म्हणजे ज्या गाडीने त्यांचा कारखाना घराघरांत पोचला, ती गाडी त्यांनी पाहिलीच नाही. फियाट ११०० नंतर आली. तिच्या पहिल्या फुगीर अवताराला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. त्यात तिरस्कार मुळीच नव्हता, घरच्या मुलाला लाडाने गेंगाण्या म्हणावे तसे ते नाव होते. १९६४ च्या सुमारास नवा घाट आला आणि दहा वर्षांनी त्याच गाडीचे नाव पद्मिनी झाले. नोंदणी करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहायचे. मुलाच्या मुंजीला नोंदवलेली गाडी त्याच्या लग्नाला मिळाली असे विनोद तेव्हा चालत. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर ती बनायची थांबली. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मात्र ती आणखी वीस वर्षे धावली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिथूनही गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले. ते चांगलेच होते, पण बहुतेकांना आठवत होती ती मुंबई. सोलापूरच्या एका माणसाचा त्यात संबंध होता, हे मला त्यांत फारसे आढळले नाही.

सोलापूरला मोटारीचा कारखाना कधी आला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगा थांबला, आणि आमच्या गावच्या मुलांनी पुण्याची गाडी धरली. माझ्या वर्गातली निम्मी मुले पदवी घेतात ती पुण्याला जाताना हाती काहीतरी कागद असावा म्हणून, हे मला कळते. शिकवताना ते डोळ्यांआड करावे लागते. परंतु एक गोष्ट घडली आहे. गेल्या तीसेक वर्षांत इथे मोटारींचे कॅमशाफ्ट बनू लागले आहेत, आणि ते देशी तशाच परदेशी गाड्यांतही बसतात. कॅमशाफ्ट म्हणजे काय, हे मला मिस्त्रींच्या मुलीने सांगितले.

ती माझ्याच वर्गात होती. हुशार, अक्षर मोत्यासारखे. मिस्त्रींची फार इच्छा की पोरीने शिक्षिका व्हावे, पोरीच्या नखांत ग्रीस जाऊ नये. एक वर्ष काढून तिने बी.ए. सोडले आणि आय.टी.आय.ला नाव घातले. मिस्त्री चार महिने तिच्याशी धड बोलत नव्हते. ज्या माणसाने आयुष्यभर लोखंडाची पूजा केली, त्यालाच मुलगी लोखंडात गेल्याचे इतके वाईट वाटावे! पण आपल्याकडे हे असेच चालत आले आहे. हात मळले की माणूस एक पायरी खाली, ही समजूत गॅरेजातल्या माणसालाही सुटलेली नाही. आता ती एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. मला म्हणाली, "सर, एक दांडा असतो, त्याला अंड्यासारखे उंचवटे. तो फिरला की उंचवटे एकेक करून झडपा उघडतात, मिटतात. इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे धरा, तर एकेक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडते. उंचवटा जरा चुकला की श्वासच चुकला." जरा म्हणजे किती, असे मी विचारले. तिने माझ्या डोक्याकडे पाहून सांगितले, "तुमच्या एका केसाच्या जाडीतसुद्धा पुष्कळ चुका मावतील."

अण्णांची पद्मिनी काही वर्षांपूर्वी मोडीत निघाली. कागदपत्रांची मुदत संपली होती आणि अण्णांची नजरही उतरली होती. मिस्त्रींनी ती स्वतः खोलली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चाकामागचा तो लांब दांड्याचा गिअर त्यांनी शेडमध्ये पोरांना दाखवायला ठेवला. इंजिनातला कॅमशाफ्ट काढून, रॉकेलने धुऊन, पुसून मुलीपुढे ठेवला. तिने तो खिडकीशी नेला, मायक्रोमीटर लावून एकेक उंचवटा मोजला आणि मापे वहीत लिहून काढली. आम्ही तिघे, म्हणजे अण्णा, मिस्त्री आणि मी, निकालाच्या दिवशी बसतात तसे बसलो होतो.

"बाकी सगळे ठीक आहेत," ती म्हणाली. "तिसऱ्या सिलिंडरचा एक जास्त झिजलाय."

मिस्त्री एकदम उठले. "ऐकलं गुरुजी? वीस वर्षं सांगत होतो, तिसरा बोलतोय म्हणून. तुम्ही म्हणायचे, मिस्त्री, रेडिओ बंद करा!"